घारापुरीची तोफांची टेकडी: लेणी बघून लगेच खाली उतरू नका

घारापुरीला बोट लागली की सगळी जत्रा सरळ लेण्यांकडे. त्रिमूर्तीपुढे फोटो काढायचे, माकडांना हुसकवायचं आणि परतीची बोट गाठायची. लेण्यांच्याही वर, टेकडीच्या माथ्यावर, इंग्रजांच्या दोन प्रचंड तोफा पडून आहेत हे बऱ्याच मुंबईकरांच्या गावीही नसतं. माझं मत विचाराल तर लेण्यांइतकाच वेळ तिथे द्यावा.

मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो, त्यामुळे लोखंड दिसलं की पाय अडतो. जंजिऱ्याची कलालबांगडी पाहिलेल्यांना तोफ म्हणजे पुढून दारू-गोळा ठासायची नळी एवढंच माहीत असतं. ही जात वेगळी. गेल्या शतकाच्या सुरुवातीची, मागून गोळा भरायची. जमिनीत गोल खड्डा बांधलाय आणि सगळं धूड त्यात फिरेल असं बसवलंय, आमच्याकडे इंजिन फिरवायचं टर्नटेबल असायचं तसं. खड्ड्याच्या कडेला उकिडवं बसून खालचं काम बघा. एवढं वजन आणि ते माणसांनी फिरवायचं! नातू नळीवर चढायला निघाला होता, त्याला खाली उतरवून आधी हे दाखवलं. बाजूला जमिनीखाली बांधलेल्या अंधाऱ्या खोल्या आहेत. आत टॉर्चशिवाय जाऊ नका, आणि नाकाला रुमाल लावा.

तोफा इथेच का, हे वर उभं राहिलं की कोणी न सांगता कळतं. सगळं बंदर समोर पसरलेलं. एकीकडे जवाहर द्वीप आणि तेलाची जहाजं, दुसरीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन्स, आणि हवा स्वच्छ असेल तर 2024 साली सुरू झालेला अटल सेतू. गेटवेच्या गर्दीतून आल्यावर इथली शांतता कानाला जाणवते. आम्ही होतो तेवढा वेळ एक कॉलेजचं जोडपं आणि दोन कुत्री, बस्स.

आता रडगाणं. तोफेवर गंजाचे पापुद्रे सुटलेत आणि उरलेल्या जागेत बदाम कोरून नावं लिहिलीत. तोफ कधीची, कुठे ओतली, कशी चालायची, याचा चार ओळींचा फलक वाचायला मिळेल म्हणून मी आजूबाजूला फिरलो, पण माझ्या नजरेला काही पडलं नाही. ज्या बेटाची लेणी 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, तिथे एवढी अपेक्षा जास्त नाही. चिप्सच्या पुड्यांबद्दल बोलतच नाही, त्या आपणच टाकतो.

वाट चढाची आहे, उन्हाची आहे. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी मिळते, मग दुतर्फा दुकानांच्या मधून शंभराच्या वर पायऱ्या. ज्यांना झेपत नाही त्यांना लेण्यांपर्यंत डोली मिळते. त्यापुढे आपले गुडघे आणि आपण. वाट नीट कळली नाही तर काकडी-कैरी विकणाऱ्या मावशींना विचारा, "तोफेकडे कुठून?" म्हटलं की बरोबर सांगतात. आमच्या हिने निघतानाच बजावलं होतं, "अहो, तोफा पळून नाही जात, आधी पाणी घ्या." ऐकलं ते बरं झालं. पाणी खालच्या दुकानांतूनच घ्यायचं. 2018 मध्ये समुद्राखालून केबल टाकून बेटावर वीज आली, तेव्हापासून तिथे गारही मिळतं. बाटली मात्र पिशवीत, हातात नको. माकडं झाकण आपल्यापेक्षा लवकर उघडतात.

सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. शक्यतो सकाळच्या पहिल्या बोटींनी जा, तासाभरात पोचाल, आणि आधी तोफा करा, उतरताना लेणी. परतीची शेवटची बोट किती वाजता ते धक्क्यावर उतरल्या उतरल्याच विचारून ठेवा, कारण बाहेरच्यांना बेटावर रात्री राहू देत नाहीत.

तोफांना आणि त्या जागेला पाचपैकी साडेचार, देखभालीला एक. पुढच्या वेळी हिवाळ्यात जाणार, डबा बरोबर घेऊन.