डायनाको एसटी-७०: नऊ महिने वापरल्यावर, घूंसकट

आवाज कसा आहे ते नंतर. आधी दुरुस्ती, मग घूं, म्हणजे घरात मधूनच सुरू होणारी गुणगुण.

नऊ महिन्यांपूर्वी बहीण न्यू जर्सीहून आली, ती हा जुना अमेरिकन व्हॉल्व्ह अँप्लिफायर घेऊन. वजन साडेचौदा किलो. तेवीस किलोच्या बॅगेत मग तिच्या वाट्याला काय उरलं, हे तिने मला आतापर्यंत तीनदा ऐकवलंय. तिच्या शेजाऱ्याने गॅरेज रिकामं करताना तो फुकट दिला, म्हणून मी हो म्हटलं. विकत असता तर अर्थातच नाही म्हटलं असतं.

फुकट हा शब्द आठवड्यात संपला. दोन्ही ७१९९ व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या तशा तापणाऱ्या काचेच्या नळ्या) गेलेले. ते आता दुर्मीळ, आणि जे मिळतात त्यांची किंमत ऐकून चहा थंड होतो. मी त्याऐवजी ६जीएच८ए हे दुसरे व्हॉल्व्ह लावले. पिना वेगळ्या, त्यामुळे बोर्डावरच्या जोडण्या बदलाव्या लागतात, पण खिसा वाचतो. डायनाको हा अँप १९५९ पासून किट म्हणूनही विकत असे, जोडायचा गिऱ्हाइकाने घरी बसून. आमचा ज्या कोणी जोडला, त्याने सोल्डर फोडणीच्या तेलासारखं सढळ हाताने वापरलंय.

वीज साठवणारा मोठ्या डब्यातला चार भागांचा कपॅसिटरही बदलायचा होता. तो अमेरिकेतून मागवायचा तर परत बहीण. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ४५० व्होल्टचे मिळाले, इथे ५०० च्या वरचे लागतात. म्हणून दोन-दोन सिरीजमध्ये, प्रत्येकावर एक रेझिस्टर, आणि सगळं चॅसिसच्या पोटात. पहिल्या कपॅसिटरच्या जागी ६० मायक्रोफॅरडच्या वर जाऊ नका, एसीचा डीसी करणाऱ्या जीझेड ३४ व्हॉल्व्हला झेपत नाही. आणि स्विच बंद केल्यावरही आत ४०० व्होल्ट बसून असतात, रेझिस्टरने उतरवल्याशिवाय बोट घालू नका. मी घातलं. कोपरापर्यंत कळलं.

मग माझा मूर्खपणा. व्हॉल्व्हचा करंट आवरणारं निगेटिव्ह व्होल्टेज म्हणजे बायस. त्याच्या सप्लायमधला जुना सेलेनियम रेक्टिफायर दिसायला ठाकठीक होता, म्हणून तसाच ठेवला. पहिल्याच संध्याकाळी खोलीतला दिवा मालवला आणि पाहतो तर स्पीकर चालवणाऱ्या ईएल ३४ व्हॉल्व्हांपैकी एकाची राखाडी प्लेट मधोमध तांबूस, मग शेगडीतल्या निखाऱ्यासारखी लाल. वायर उपटली. सेलेनियम म्हातारा झाला की निगेटिव्ह व्होल्टेज कमी पडतं आणि व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो. दोन रुपयांचा १एन४००७ डायोड टाकला, विषय मिटला. व्हॉल्व्ह वाचला, हे नशीब.

त्याच झटक्यात बायसही सुधारून घेतला. मूळ रचनेत एका चॅनेलच्या दोन ईएल ३४ ना मिळून एकच १५.६ ओहमचा रेझिस्टर, त्यावर १.५६ व्होल्ट दिसले की झालं. म्हणजे दोघांत मिळून १०० मिलिअँपिअर. पण त्यातला एक ७० ओढतोय आणि दुसरा ३०, हे मीटरला कुठून कळणार? एकत्र कुटुंबाचं वीजबिल! मी प्रत्येकाला वेगळा १० ओहम आणि बायस जुळवायला वेगळा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा रेझिस्टर) दिला. प्रत्येकी ०.४ व्होल्ट, म्हणजे ४० मिलिअँपिअर. व्हॉल्व्ह जास्त टिकतात आणि सारखाच करंट ओढणाऱ्या महाग मॅच्ड जोड्या घ्याव्या लागत नाहीत. या अँपला एकच बदल करणार असाल तर हा करा.

आता घूं. अमेरिकन यंत्र, म्हणून २३० व्होल्टचे ११५ करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तपकीर गल्लीतले दुकानदार म्हणाले, "साहेब, पत्र्यांचा साधा घ्या, स्वस्तात पडेल." पण मी वाचून गेलो होतो, मला गोल कड्यासारख्या गाभ्याचा टोरॉइडच हवा होता. आयुष्यात एकदा महागातलं घेतलं. पंधरा दिवसांत कपाटाखालून घूं. स्पीकरमधून नाही, ट्रान्सफॉर्मरच्या खोक्यातूनच. स्क्रूड्रायव्हरचं टोक खोक्याला टेकवून मूठ कानाला लावली, तर आत भुंगा कोंडल्यासारखा आवाज. दुकानात गेलो. त्यांनी तासभर चालवून दाखवला, गप्प. घरी आणला, संध्याकाळी गप्प, सकाळी घूं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा आमचे आवाज चढले. मी 'फसवणूक' हा शब्द वापरला. ते म्हणाले, "ट्रान्सफॉर्मर आहे काका, बासरी नाही."

मग मी अँपवरच घसरलो. त्याच्या पोटातला, अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेसाठीचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर चालवला की जास्त तापतो, हे खरंच आहे, वर हात ठेवून बघा. इथपर्यंतचं परीक्षण तेव्हाच लिहिलं असतं तर 'भारतात आणू नका' एवढंच लिहिलं असतं.

पाचव्या महिन्यात लेक आठवडाभर कॉलेजच्या सहलीला गेली आणि घूं गेली. ती परतली, दुसऱ्या दिवशी साडेसातला घूं हजर. तिचा हेअर ड्रायर! 'लो'वर ठेवला की आतला डायोड विजेची अर्धीच लाट वापरतो, घरच्या लाइनवर थोडा डीसी चढतो, आणि टोरॉइडच्या अखंड गाभ्याला तेवढाही सहन होत नाही. पत्र्यांच्या साध्याने बहुधा हूं की चूं केलं नसतं. 'हाय'वर करायला सांगितलं: शांतता. पण केस खराब होतात म्हणे. शेवटी अडीचशे रुपयांत दोन मोठे कपॅसिटर आणि डायोडांचा एक ब्रिज लाइनमध्ये टाकून डीसी अडवला.

राहिला आवाज. तानपुऱ्याच्या चार तारा चार ठिकाणी ऐकू येतात, आणि गायकाने श्वास घेतला की आपण थांबतो. ३५ वॅट आमच्या दिवाणखान्याला पुरून उरतात. तबल्याचा डग्गा थोडा सैल वाटतो, चालायचंच. गाणं वाजो न वाजो, दीडशेच्या आसपास वॅट ओढतो. रोज तीन तास, महिन्याला तेरा-चौदा युनिट. पंखा एक कमी लावतो.

तपकीर गल्लीत तेव्हापासून गेलेलो नाही. परवा चार रेझिस्टर लागले. बारा रुपयांचा माल, साठ रुपये कुरिअर देऊन मुंबईहून मागवला.