गाडी चरात उभी होती

माझी उंची पाच फूट. मेढ्याच्या पुढे, जावळी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि राहते साताऱ्यात, गोडोलीत. नऊ वर्षं हा रस्ता स्कूटरवर केला. पावसाळ्यात खड्डे पडले की लहान चाकांची स्कूटर कंबर ढिली करते, म्हणून गेल्या वर्षी मोठ्या चाकांची गाडी घ्यायचं ठरवलं आणि मन रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० या मोटारसायकलवर बसलं. सीटची उंची ८०५ मिलिमीटर, वजन १९५ किलो. भाऊ म्हणत होता, त्यापेक्षा मीटिऑर घे, तिची सीट ७६५ आहे, नाहीतर अ‍ॅव्हेंजर घे, ती ७३७. पण त्या दोन्हींवर पाय पुढे सोडून बसावं लागतं. मला खड्डा आला की फूटरेस्टवर जरा उचलून उभं राहता येईल अशी बैठक हवी होती. त्याचं गणित बरोबर होतं आणि माझी गरजही खरी होती, हे मी आजही म्हणेन.

हायवेलगत जुन्या गाड्या विकणारं एक गॅरेज आहे. उंची कमी करून मिळेल, असं तिथं लिहिलेलं. २०२२ ची, एमएच ११ पासिंगची गाडी दाखवली. गाडीचे १,५८,००० आणि उंची कमी करायचे १६,५०० ठरले. "ताई, खास कमी उंचीचे शॉकअप टाकतो, सीट बसवून देतो, दोन्ही पाय सपाट टेकतील. नाही टेकले तर पैसे परत." शॉकअप म्हणजे चाकाचे धक्के झेलणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. गाडीच्या पैशांची पावती मिळाली. १६,५०० मात्र त्याने मेव्हण्याच्या नंबरवर घेतले आणि त्याचा कागद दिला नाही. मीही मागितला नाही.

पाचव्या दिवशी बोलावलं. गाडी दारातच, धुण्याच्या जागेवर तयार उभी होती. आजूबाजूला पाणी, फेस, दोन मुलं पाईप घेऊन उभी. "बसा ताई." मी बसले आणि दोन्ही टाचा जमिनीला लागल्या. दहावीत असल्यापासून कुठल्याही मोटारसायकलवर माझ्या टाचा लागल्या नव्हत्या. माझे डोळे भरून आले, आणि ते त्याने पाहिलं. "टेकले का पाय?" असं त्याने तीनदा विचारलं, सोबत आलेल्या भावासमोर माझ्याकडून हो म्हणवून घेतलं. फेरी मारते म्हटलं तर म्हणाला, ताई, विमा अजून तुमच्या नावावर नाही, कशाला जोखीम घेता. गाडी भाऊ घरी घेऊन आला.

घरी पार्किंगच्या शहाबादी फरशीवर बसले तर नुसते चवडे लागत होते.

फोन केला. म्हणाला, फोम नवीन आहे, आठ-दहा दिवसांत बसेल. मी विश्वास ठेवला. पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा म्हणाला, मॅडम, मागच्या चाकात निम्मीच हवा होती. हवा भरल्यावर गाडी आणखी वर आली. तेव्हाही मला दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत.

दहाव्या दिवशी जाब विचारायला शाळेतून परस्पर गेले, गाडी न घेता. तो आत कुणाशी तरी बोलत होता, म्हणून मी धुण्याच्या जागेपाशी थांबले. त्या दिवशी तिथं गाडीही नव्हती आणि पाणीही नव्हतं. काँक्रीटमध्ये पाणी जायला वीतभर रुंद, लांबलचक चर काढलेला होता. गाडीची दोन्ही चाकं एका ओळीत उतरतील असा. मी ट्रायल घेतली तेव्हा गाडी त्या चरात होती आणि माझे पाय चराच्या दोन्ही काठांवर. पिशवीत वर्गातली फूटपट्टी होती, ती उभी धरली. चर ४८ मिलिमीटर खोल. फोटो काढला.

१६,५०० रुपयांत त्याने एवढंच केलं होतं: सीटचा फोम तासला, मागच्या शॉकअपची स्प्रिंग सगळ्यात मऊ खाचेवर आणली आणि हवा कमी केली. उरलेली उंची चराने भरून काढली. मऊ खाचेवर आणायचं काम गाडीसोबत येणाऱ्या पान्याने घरी पाच मिनिटांत होतं.

तिथंच मी गाडी परत करायला हवी होती. पण तो लगेच नरमला. "शॉकअप पुण्याहून यायचे राहिले होते ताई, तुम्ही घाई केली." दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि खरंच आखूड शॉकअप बसवून दिले. या वेळी सपाट जमिनीवर बसून पाहिलं. पाय टेकत होते. जुने शॉकअप मागितले तर म्हणाला, ते भंगारात गेले. चांगले चालू शॉकअप कुणी भंगारात टाकत नाही, त्याने ते विकले असणार.

पुढचे तीन आठवडे फार वाईट गेले. गाडी मागून खाली आली, पण साईड स्टँड मूळ लांबीचाच राहिला. त्यामुळे स्टँडवर लावली की गाडी डावीकडे कलण्याऐवजी जवळपास ताठ उभी राहायची. शाळेच्या अंगणात जरा उतार आहे. एका दुपारी ती उजवीकडे पडली. दहा मिनिटांआधी तिथं तिसरीची मुलं लगोरी खेळत होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. डबल स्टँडवर घ्यायला भाऊसुद्धा दमायचा, कारण गाडी खाली आल्यामुळे ती जास्त उचलावी लागते. एका रविवारी कासला निघालो, तर यवतेश्वर घाटात डाव्या वळणावर स्टँड रस्त्याला घासून ठिणग्या उडाल्या. मागे भाऊ बसलेला असताना स्पीडब्रेकरवर टायर मडगार्डला आतून घासायचा.

रविवार पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना गाडी दाखवली. त्यांनी शॉकअप काढून हातात दिला. "बाई, हे तुमच्या गाडीचं न्हाईच. हलक्या गाडीचं जुनं हाय. बुश कापून, वायसर भरून बसवलंय. बोल्टावर किती दिवस टिकंल सांगता यायचं न्हाई." ते कापलेले बुश, म्हणजे बोल्टाभोवती बसणाऱ्या नळ्या, आणि वायसर मी डब्यात घालून ठेवले आहेत.

मिस्त्रींनी नवे मूळ मापाचे शॉकअप घातले आणि मग मला जे सांगितलं ते कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. नुसती उंची मोजून काही कळत नाही, पायाची आतली लांबी मोजायची. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, मांड्यांमध्ये जाड वही वर दाबून धरायची आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. माझी ६८ सेंटीमीटर भरली. दुसरं म्हणजे सीटची रुंदी. पुढचा भाग रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तिथंच उंची खर्ची पडते. सीट कारागिराने फोम वरून न तासता पुढच्या बाजूंनी निमुळता केला, १,८०० रुपये घेतले. त्याचा फरक मला सगळ्यात जास्त जाणवला. जाड तळाचे बूट घेतले. आणि दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोडला. थांबताना कंबर डावीकडे सरकवते, डावा पाय पूर्ण टेकवते, उजवा ब्रेकवर ठेवते. मोकळ्या मैदानावर चार संध्याकाळी सराव केला.

कायद्याचं नंतर कळलं. आरसीतल्या नोंदींशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने करता येत नाही, आणि बेकायदा बदलासाठी कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपघात झाला असता तर विमा कंपनीनेही या शॉकअपवर बोट ठेवलं असतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर बोलले, स्पीड पोस्टने नोटीस पाठवली. त्याचं उत्तर आलं की बदल ग्राहकाच्या मागणीवरून केले. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी नाही. १६,५०० ची पावती नाही हीच माझी दुबळी बाजू आहे. पैसे गेल्याचा मोबाईलवरचा पुरावा, फूटपट्टीसह चराचा फोटो आणि बुशचा डबा एवढं जोडलं आहे.

मागच्या शनिवारी शाळेतून येताना त्या गॅरेजपाशी नजर गेली. चरात एक गाडी उभी होती आणि कॉलेजच्या वयाची एक मुलगी तिच्यावर बसून हसत होती. मी गाडी वळवली आणि तिच्या वडिलांना म्हटलं, दादा, ही गाडी जरा चार फूट पुढे घेऊन पुन्हा बसवा तिला.