एका घरातून दोन शाळा : टेक्सासमधल्या चार्टर शाळेचा अनुभव

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत नव्याने येणारी मराठी मंडळी घर शोधताना आधी शाळेचं विचारतात. हल्ली त्याला जोडूनच दुसरा प्रश्न येतो, "चार्टर कशी आहे?" आमचा धाकटा गेल्या ऑगस्टपासून चार्टरमध्ये चौथीत आहे आणि थोरली आमच्या पत्त्याच्या हद्दीतल्या डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) मिडल स्कूलमध्ये सातवीत. दोन्ही डबे एकाच ओट्यावर भरले जातात, त्यामुळे तुलना होतेच.

चार्टर म्हणजे खासगी शाळा नव्हे. फी नाही, प्रवेश परीक्षाही नाही. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. आपल्याकडची अनुदानित शाळा डोळ्यांसमोर आणलीत तर निम्मं चित्र कळेल. फरक असा की इथे संस्था राज्याशी मुदतीचा करार करते आणि निकाल सतत वाईट लागले तर करार रद्द होऊन शाळा बंद पडू शकते. पहिला कायदा मिनेसोटात १९९१ साली झाला, टेक्सासचा १९९५ सालचा. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत. आरटीईच्या सोडतीत ज्यांचा जीव टांगणीला लागला असेल त्यांना ती धाकधूक माहीत आहे. आमचं नाव आधी प्रतीक्षा यादीत होतं, नंतर उन्हाळ्यात ईमेल आला.

आम्ही गेलो गणितासाठी, आणि गणितात निराशा झाली नाही. मुलाला जिथे अडतं तिथे थांबून शिकवतात, जमलं की पुढच्या गटात बसवतात. इयत्तेचं बंधन फारसं पाळत नाहीत. घरी अभ्यास भरपूर. शिस्तही कडक आहे, खाकी पँट, पोलो शर्ट, शर्ट खोचलेला हवा. आमच्या आईला फोनवर हे सांगितलं तर ती खूश झाली. मुलगा मात्र अजून कुरकुरतो.

आता बाकीचं. आमच्या चार्टरला बस नाही. दुपारी कारच्या रांगेत, काचेवर नंबराचा कागद लावून, सप्टेंबरच्या उन्हात एसी चालू ठेवून बसायचं. थोरलीला पिवळी बस कोपऱ्यावरून नेते आणि आणून सोडते. दोघंही नोकरी करत असाल आणि एकाचीही वेळ लवचिक नसेल, तर बाकी सगळे मुद्दे बाजूला ठेवून आधी याचा विचार करा. फी नसली तरी रोजचा दीड तास कुणाचा तरी जातोच, आणि बहुतेक घरांत तो आईचा जातो.

इमारत म्हणजे पूर्वीचं मोठं दुकान. मैदान नावापुरतं, कारण ती पार्किंगचीच जागा. यात शाळेची हेळसांड नाही. डिस्ट्रिक्टला स्थानिक मालमत्ता कर मिळतो आणि त्यावर ते कर्जरोखे काढून इमारती बांधतात. टेक्सासमध्ये चार्टरला हा कर लावता येत नाही. आपण मात्र तो कर भरतच असतो, आणि टेक्सासचा मालमत्ता कर काय असतो हे घर घेतलेल्यांना सांगायला नको.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते शिक्षकांचं येणं-जाणं. जानेवारीत मुलाच्या वर्गशिक्षिका सोडून गेल्या आणि कितीतरी दिवस बदली शिक्षकांवर भागलं. टेक्सासमध्ये चार्टरच्या शिक्षकाला पदवी लागते, पण विशेष शिक्षण आणि द्विभाषिक वर्ग सोडले तर राज्याचं शिक्षक-प्रमाणपत्र लागतंच असं नाही. अर्थात अलीकडच्या वर्षांत डिस्ट्रिक्टनीही प्रमाणपत्राविना शिक्षक घेतले आहेत, त्यामुळे नुसत्या कागदावरून मी कुणाला कमी लेखणार नाही. चौथीपर्यंत वर्गात २२ मुलं ही मर्यादाही डिस्ट्रिक्टसाठी आहे (तीही सवलत मागून ओलांडता येते), चार्टरला ती लागू नाही. मुलाचा वर्ग बराच भरलेला आहे.

विशेष गरजा असलेल्या मुलांचे हक्क केंद्राच्या कायद्याने दोन्हीकडे सारखेच. पण थोरलीच्या शाळेत स्पीच थेरपिस्ट रोज दिसते, धाकट्याच्या शाळेत ती ठरलेल्या दिवशी येते. तुमच्या मुलाला अशी मदत लागत असेल तर ती आठवड्यातून किती वेळ आणि कोण देणार, हे लेखी विचारा.

डिस्ट्रिक्टचं मंडळ निवडून येतं, चार्टरचं नेमलेलं असतं. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांना तसंही मत नाही, त्यामुळे आपल्यातले बरेच जण हा फरक सोडून देतात. पण बैठकीत उठून बोलायला नागरिकत्व लागत नाही. थोरलीच्या शाळेची हद्द बदलायची चर्चा निघाली तेव्हा आमच्या गल्लीतले अर्धे लोक बोलायला गेले होते. चार्टरच्या मंडळाची बैठक कधी असते, हे मला मुद्दाम शोधावं लागलं.

स्टॅनफर्डच्या क्रेडो संस्थेचा २०२३ चा अहवाल चार्टरवाले नेहमी पुढे करतात. त्यात चार्टरची मुलं इतर सरकारी शाळांतल्या तशाच मुलांपेक्षा वर्षाला सरासरीने वाचनात शिकण्याच्या १६ दिवसांइतकी आणि गणितात ६ दिवसांइतकी पुढे दिसली. गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांचा फायदा ठळक होता, तर ऑनलाइन चार्टर बरीच मागे पडली. म्हणजे जिथे हद्दीतली शाळा डळमळीत आहे, तिथल्या पालकाला चार्टर हा खरा आधार आहे. आम्ही राहतो तिथली शाळा मुळात चांगलीच आहे, तिच्यासाठीच तर घराला जास्त पैसे मोजले. इथे चार्टर घेणं म्हणजे गणित थोडं जास्त आणि बाकी बरंच कमी.

'बाकी' म्हणजे काय, ते थोरलीकडे बघून कळतं. सहावीत तिने क्लॅरिनेट घेतलं. आता बँडच्या मैत्रिणी, स्पर्धा, रात्री दार लावून चाललेला सराव. त्या मैत्रिणी चालत येण्याच्या अंतरावर राहतात. धाकट्याचे मित्र चार गावांतून येतात, वाढदिवसाला बोलवायचं तरी दोन आठवडे आधी कॅलेंडर जुळवावं लागतं. त्याच्या शाळेत बँड नाही, ऑर्केस्ट्राही नाही.

पाचवीसाठी आम्ही त्याची जागा राखली आहे, कारण नव्या शिक्षिका चांगल्या आहेत आणि अपूर्णांक आता कुठे त्याच्या डोक्यात बसताहेत. सहावीला तो हद्दीतल्या शाळेत जाईल; तिथे सोडत नाही, पत्त्याचा पुरावा दाखवला की प्रवेश पक्का. चार्टर बघायला जाणार असाल तर रोबोटिक्सची खोली दाखवतील, ती बघा. मग वर्गाच्या दारांवरची शिक्षकांची नावं वाचा आणि त्यातले किती जण मागच्या वर्षीही इथेच होते, एवढं विचारा.