सीपॅनेलचा फाइल मॅनेजर : सोय पुरेशी, खुलासा अपुरा

सामायिक होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइटसाठी मिळणारी जागा) घेणाऱ्याला आपल्या फायली बहुधा प्रथम सीपॅनेल या साइट सांभाळण्याच्या प्रणालीच्या फाइल मॅनेजरमध्येच दिसतात. १९९६ पासून चालत आलेल्या या प्रणालीतले हे साधन वापरायला सोपे आहे; मात्र समोर दिसणाऱ्या फोल्डरांपैकी कोणते जगाला खुले आहे आणि कोणते केवळ आपले, हे ते आपण होऊन सांगत नाही. नवख्याची गफलत नेमकी तिथेच होते.

डावीकडे फोल्डरांची उतरंड आणि उजवीकडे निवडलेल्या फोल्डरातील फायली, अशी याची मांडणी आहे. सर्वांत वर आपले होम फोल्डर असते आणि त्यात ‘मेल’, ‘लॉग्ज’, ‘एसएसएल’, ‘टीएमपी’ यांच्या रांगेत ‘पब्लिक_एचटीएमएल’ हेही निमूटपणे बसलेले असते. वस्तुतः मुख्य डोमेनवर आलेल्या वाचकाला जे दिसते ते याच एका फोल्डरातून. शेजारचा ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ हा त्याच्याकडेच नेणारा दुवा असतो, त्यामुळे त्याला दुसरी प्रत समजून पुसू नये. साइटची संपूर्ण झिप फाइल पब्लिक_एचटीएमएलमध्ये ठेवली, तर तिचे नाव ओळखणारा कोणीही ती उतरवून घेऊ शकतो. तीच फाइल एक पायरी वर, होम फोल्डरात ठेवली, तर ब्राउझरला तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही. इतक्या महत्त्वाच्या सीमेसाठी पडद्यावर एक ठळक सूचना असायला हवी होती.

बिंदूने सुरू होणाऱ्या फायली लपवून ठेवण्याची पद्धत सर्व्हर ज्यावर चालतो त्या लिनक्स प्रणालीची आहे, त्यामुळे ‘.एचटीॲक्सेस’ ही सर्व्हरला साइटविषयी सूचना देणारी फाइल पाहायची असल्यास सेटिंग्जमध्ये जाऊन लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडावा लागतो. परवानग्यांचा रकाना मात्र समोरच असतो. फोल्डरांना सहसा ७५५ आणि फायलींना ६४४ पुरते, म्हणजे बदल फक्त मालक करू शकतो आणि इतरांना केवळ वाचता येते. काही चालेनासे झाले की सरसकट ७७७ (कोणालाही बदल करण्याची मुभा) देऊन मोकळे होण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. लिनक्समध्ये लहान-मोठ्या रोमन अक्षरांतही भेद होतो, म्हणून विंडोजवर व्यवस्थित दिसणारे चित्र सर्व्हरवर गेल्यावर सापडेनासे होऊ शकते.

मराठी मजकूर असलेल्यांनी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. फाइल संपादनासाठी उघडताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) विचारले गेल्यास यूटीएफ-८ निवडावे, अन्यथा देवनागरीचा चुराडा होण्याची शक्यता असते. फायलींची नावे मात्र रोमनमध्येच बरी, कारण देवनागरीतील प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो आणि पत्त्यात त्याची टक्केचिन्हांसह नऊ अक्षरे होतात; ‘कविता’ एवढ्याशा नावाची, वेलांटी आणि काना वेगळे मोजले जात असल्याने, पंचेचाळीस झाली, की तो दुवा कोणाला पाठवायचीही पंचाईत.

झिप चढवून तिथेच उलगडण्याची सोय उत्तम आहे. एखाद-दुसरी फाइल दुरुस्त करण्यासाठी हे साधन मी निःसंकोच सुचवीन, पण शेकडो फायलींची रोजची ने-आण असेल तर फाइलझिलासारखा एफटीपी (संगणक आणि सर्व्हर यांच्यात फायली हलवणारा) प्रोग्रॅमच घ्यावा. पुसलेली फाइल कायमची काढण्याच्या चौकोनावर खूण केली नसेल तर ती ‘.ट्रॅश’मध्ये जाते आणि तिथून परत आणता येते. हा दिलासा खरा, परंतु तो कचरा रिकामा करेपर्यंत आपल्याच जागेच्या कोट्यात मोजला जातो.