१,४९९ रुपयांचा नकाशा आणि ६५ मीटरने खचलेली कळसूबाई

‘आपल्या खात्यातून उद्या १,४९९ रुपये वळते होतील,’ असा बँकेचा मेसेज आला आणि हे लिहायला बसले. पहिल्या वर्षी याच ट्रेकिंग-नकाशाच्या अ‍ॅपने सणाची सूट म्हणून ७९९ घेतले होते. दुसऱ्या वर्षी जवळजवळ दुप्पट. वर्गणी मी अ‍ॅपमधून आधीच बंद केली होती, पण यूपीआयचा ऑटोपे, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, आपली जिवंतच. ती वेगळी मारावी लागते, हे अ‍ॅपमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही. अशा अ‍ॅपमध्ये काय काय असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: ऑफलाइन नकाशे, लोकांनी चढवलेल्या वाटा, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), वाट सोडली की वाजणारा गजर. मी लिहितेय ते कळसूबाईपुरतं. मुळात घेतलंही त्यासाठीच होतं. आम्ही नाशिकचे, डोंगर दाराशी, आणि भाच्याला ‘महाराष्ट्राच्या डोक्यावर’ नेते असा शब्द दिलेला.

आधी शोधापासून. ‘बारी’ हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव टाकलं तर अ‍ॅप मला इटलीत घेऊन गेलं. तिथे समुद्रकाठी बारी नावाचं मोठं शहर आहे. ‘इंदोरे’ हे डोंगराच्या दुसऱ्या बाजूचं गाव टाकलं तर थेट मध्य प्रदेशातलं इंदूर, तेही एकवेळ समजू शकते. पण मी भंडारदऱ्यात बसून शोधतेय, फोनला माझा ठावठिकाणा माहीत आहे, तरी सहा किलोमीटरवरची बारी सापडू नये? शेवटी ‘कळसूबाई’ इंग्रजीत लिहिल्यावर शिखर मिळालं आणि त्याभोवती लोकांनी चढवलेल्या वाटांचा गुंता.

त्यातली एक ‘सर्वाधिक पसंतीची’ वाट उघडली. लांबी बारीच्या मानाने फारच जास्त. बारकाईने पाहिलं तर रेघ डोंगर उतरते, बारीत येते, तिथून डांबरी रस्त्याने भंडारदऱ्याला जाते आणि धरणाजवळच्या एका हॉटेलात थांबते. शेवटच्या तुकड्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटर. गडी रेकॉर्डिंग बंद न करता गाडीत बसला होता, आणि अ‍ॅपने तो प्रवासही ट्रेक म्हणून मोजून वर ‘अवघड’ असा शिक्का मारला. दुसरी एक रेघ शिड्यांच्या वर कातळाच्या बाहेर हवेत जाऊन परत येते. उभ्या कड्याजवळ उपग्रहाचे सिग्नल दगडावर आपटून येतात, म्हणून ठिपका असा भरकटतो. जाणकाराला ते कळतं. नवख्याला वाटेल, तिकडून एखादी खासगी पायवाट असावी. पैसे घेणाऱ्याने एवढी चाळणी लावायला काय हरकत होती?

खरं सांगायचं तर बारी-जहागीरदारवाडीच्या वाटेला नकाशाच लागत नाही. ओढा ओलांडला, शेतं संपली की पायऱ्या, कठडे, मग लोखंडी शिड्या, विहिरीजवळची सपाटी, शेवटचा टप्पा आणि मंदिर. आठशे मीटरच्या वर चढाई आहे, दम निघतो, पण हरवायला जागा नाही. पावसाळ्यातल्या शनिवारी रात्री तर समोरच्याच्या पाठीवरची बॅग हाच नकाशा. शिड्यांपाशी रांग लागते, आणि अ‍ॅप सांगतं ‘शिखर २५ मिनिटांवर’. नवरात्रात जत्रेच्या दिवसांत त्या अंदाजाला काडीचा अर्थ नाही. मी फोनमध्ये डोकं घालून चढतेय हे पाहून सरबत विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, त्यात काय बघता? कठड्याला धरून चला की!” ७९९ रुपयांत मिळाला नाही असा सल्ला लिंबू सरबताबरोबर फुकट मिळाला.

आता मूळ दुखणं. उंची.

कळसूबाई १६४६ मीटर. शाळेत भूगोलात हा आकडा ज्याने पाठ केला नाही असा मराठी माणूस मला दाखवा. वर मंदिरापाशी उभी राहून अ‍ॅप उघडलं, तर ‘तुमची उंची १५८१ मी.’ थोडा वेळ थांबले, म्हटलं उपग्रह सापडू देत. १५८३. पुन्हा १५८०. भाच्याने लगेच शाळेतलं पुस्तक काढलं: “मावशी, दुसऱ्या नंबरचं साल्हेर १५६७ आहे. म्हणजे तुझ्या अ‍ॅपप्रमाणे फरक फक्त तेरा-चौदा मीटरचा!” आणि इथेच माझं डोकं फिरलं. राज्याच्या सर्वोच्च शिखराचं सगळं मोठेपण त्या एका आकड्यात आहे, आणि तोच आकडा हा नकाशा पासष्ट मीटरने खाली पाडतो. वीस-बावीस मजल्यांची इमारत मावेल तेवढा डोंगर गेला कुठे?

त्यात माझ्या भावाकडे आयफोन. तेच अ‍ॅप, तीच वर्गणी, त्याच दगडावर उभा, आणि त्याच्याकडे १६४४. त्याचं ते मिश्कील हसणं मी विसरलेले नाही.

घरी आल्यावर कंपनीला लिहिलं. उत्तर आलं: कॅशे साफ करा. केली. मग: अ‍ॅप काढून पुन्हा टाका. टाकलं. मग: तुमच्या फोनचा जीपीएस सदोष दिसतो, तपासून घ्या. तेही केलं. दुरुस्तीवाल्याने फोन हातात घेतला, दारात जाऊन ठिपका पाहिला, म्हणाला, “मॅडम, एकदम ठणठणीत आहे. दुसरं काही करायचंय का, ग्लास वगैरे?” दरम्यान दिवाळीत अलिबागला गेलो होतो. ओल्या वाळूत उभी राहून अ‍ॅप उघडलं: उणे ६४. म्हणजे मी भर अलिबागेत समुद्राच्या तळाशी. त्याचा स्क्रीनशॉट पाठवला. उत्तर आलं की निसर्गावरच्या माझ्या प्रेमाचं त्यांना कौतुक वाटतं.

हा घोळ काय आहे ते शेवटी मीच शोधून काढलं. उपग्रह पृथ्वीला एक गुळगुळीत, ध्रुवांकडे चपटा गोळा धरून त्या गोळ्यापासून उंची काढतात. खरी समुद्रपातळी त्या गोळ्याला चिकटून नसते. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान सगळीकडे सारखं नाही, म्हणून गुरुत्वाकर्षण कमी-जास्त, म्हणून समुद्र कुठे फुगलेला तर कुठे दबलेला. आपल्या नशिबी दबलेला भाग आलाय. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्रपातळी त्या काल्पनिक गोळ्याच्या शंभर मीटरहून अधिक खाली आहे, सगळ्या जगात इतकी खाली दुसरीकडे कुठेच नाही. आपल्या कळसूबाईच्या भागात हा फरक साठ-पासष्ट मीटरचा. समुद्रच गोळ्याच्या खाली, त्यामुळे समुद्रापासून १६४६ मीटर असलेलं शिखर गोळ्यापासून मोजलं की १५८१ भरतं. अलिबागचे उणे ६४ही त्यातलेच.

आयफोन ही दुरुस्ती आधीच करून अ‍ॅपला समुद्रसपाटीपासूनची उंची देतो. अँड्रॉइड बहुतेक वेळा कच्चा आकडा देतो, दुरुस्ती अ‍ॅपने करायची असते. अँड्रॉइड १४ पासून समुद्रसपाटीची उंची वेगळी मागायची सोयही आली आहे. म्हणजे फोन ठणठणीत, उपग्रह ठणठणीत, फक्त पैसे घेणाऱ्याने एक बेरीज केलेली नाही. ओएसएमअँड नावाचं अ‍ॅप आहे, ते हेच करतं: उंचीदुरुस्तीची एक छोटी फाइल उतरवून घ्यायची, की त्याच फोनवर, त्याच शिखरावर १६४०च्या पुढचे आकडे दिसतात. फुकट. हिशेबनिसाच्या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे असेल, पण न केलेली बेरीज मला चुकीच्या बेरजेपेक्षा जास्त खुपते.

आणि गंमत म्हणजे अ‍ॅपमध्ये शिखराच्या टोकावर बोट ठेवलं की तिसराच आकडा येतो, १६३०च्या घरात. तो मात्र मी माफ केला. अशा बहुतेक नकाशांच्या समोच्च रेषांमागे फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने केलेली मोजणी असते. तिच्यात साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते. कळसूबाईचं टोक एवढंसं, भोवती लगेच उतार, मग सरासरी खाली येणारच.

इथवर लिहून झाल्यावर अ‍ॅपला एक तारा देऊन मोकळी होणार होते. पण इंदोऱ्याच्या बाजूचा अनुभव न सांगणं बेइमानी होईल.

इगतपुरीच्या अंगाने इंदोऱ्यातून चढणारी वाट बारीसारखी नाही. गर्दी नाही, सरबत नाही, आणि सांगायला माणूस भेटेलच असं नाही. खालच्या टप्प्यात ढोरवाटा इतक्या की मळलेली दिसणारी प्रत्येक वाट आपलीच वाटते. उतरताना धुकं उतरलं, दहा पावलांपुढचं दिसेना. एका सोंडेवर वाट तीन वाटांत फुटली. मधली चांगली रुंद होती, आम्ही तीच धरली. थोडं गेलो आणि फोन खिशात थरथरला: वाट सोडली आहे. परत वर आलो, डावीकडची बारीक, गवतात अर्धी बुजलेली पाऊलवाट धरली, ठिपका रेघेवर आला. गावातल्या मामांना नंतर विचारलं तर म्हणाले, “मधली व्हय? ती घळीकडं जाती. तिकडं आमची जनावरं जात्यात, माणसं न्हाई.” फोन विमान मोडवर, रेंज शून्य, नकाशा आधी उतरवलेला, बॅटरी निम्म्याच्या वर शिल्लक. त्या थरथरीचे मी ७९९ आनंदाने देईन. १,४९९ नाही.

म्हणून मग फुकटात हेच जमतं का ते पाहिलं. जमतं, थोडी खटपट करून. जाणत्या ट्रेकरकडून त्या वाटेची जीपीएक्स फाइल, म्हणजे चाललेल्या वाटेची रेकॉर्ड केलेली रेघ, घ्यायची. कुणाचीही नाही, ज्याने ती वाट खरोखर उतरली आहे आणि गाडीत बसण्याआधी रेकॉर्डिंग बंद केलं आहे त्याची. ती ओएसएमअँडमध्ये टाकायची. खालचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ पासून लोकांनीच हाताने काढत आणलेला. तिथेही वाट हुकल्याचा गजर लावता येतो. सेटिंगच्या पोटात खोल दडवलाय, पण आहे. नुसतं बघायला ऑरगॅनिक मॅप्स नावाचं दुसरं अ‍ॅप सोपं आणि हलकं. माझ्या पैशाच्या अ‍ॅपचा पाया पाहिला तर तोही ओपनस्ट्रीटमॅपचाच, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय. म्हणजे पाणी सार्वजनिक आडाचं, आणि पैसे पोहऱ्याचे.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडली. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा, पत्रक ४७ ई/१०. ५० हजाराला एक हे प्रमाण, म्हणजे एक सेंटीमीटरला अर्धा किलोमीटर. खुल्या मालिकेतली पत्रकं नोंदणी करून पीडीएफमध्ये मिळतात. मी ते मोठ्या कागदावर छापून घेतलं. खिशातल्या पडद्यावर डोंगराचा एवढासा तुकडा दिसतो. कागद जमिनीवर पसरला की कळसूबाई एकटी शिखर नाही, एका पूर्व-पश्चिम रांगेचा माथा आहे हे एका नजरेत कळतं. पश्चिमेला कुलंग, मदन, अलंग, पूर्वेला औंढा आणि पट्ट्याकडे सरकत जाणारी धार, दक्षिणेला प्रवरेवरच्या विल्सन धरणाचं पाणी. समोच्च रेषा कुठे एकमेकींना चिकटल्यात ते पाहिलं की शिड्या तिथेच का बसवल्या ते समजतं. लाव्ह्याचे थर एकावर एक, कठीण थराचा कातळ उभा आणि मऊ थराची सपाटी. दख्खनच्या या थरांच्या एका मोठ्या गटाला भूवैज्ञानिकांनी कळसूबाईचंच नाव दिलंय. भाच्याने त्या कागदावर पेन्सिलीने वाट काढली आणि इंदोऱ्याच्या वरची ती तिकाटणी फुलीने दाखवली.

आता वर्गणीचं. बँकेचा मेसेज पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी येणं नियमाने बंधनकारक आहे, तेवढा वेळ पुरतो. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असा भाग असतो, तिथे जाऊन रद्द करायचं. नुसतं फोनमधून अ‍ॅप काढून टाकल्याने काही होत नाही. मी रद्द केलं, पैसे वाचले. कंपनीचं म्हणणं आता असं की मी ‘करार मध्येच मोडला’, म्हणून पहिल्या वर्षाचे उरलेले दिवसही त्यांनी बंद केले. ते दिवस मी भरलेल्या पैशांतले होते, त्यावर पत्रव्यवहार चालू आहे.

दरम्यान त्यांची नवी आवृत्ती आली. बदलांच्या यादीत ‘उंची अधिक अचूक’ असं लिहिलेलं पाहून भावजयीच्या अँड्रॉइड फोनवर मुद्दाम तपासलं, नाशकातल्या गच्चीवर. उंची अजूनही साठेक मीटरने कमीच आहे. फक्त आकड्याच्या आधी ‘सुमारे’चं नागमोडी चिन्ह बसवलंय.