नमुना खरा होता, माल खोटा निघाला

मी दंतवैद्य आहे. 11 वर्षं टेम्पररी कॅप (कायमची कॅप येईपर्यंत दातावर बसवायचं आवरण) आणि इम्प्लांटवरचे, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरचे, टेम्पररी दात स्वतःच्या हाताने बनवतेय, हाताखालच्या मुलामुलींना शिकवतेयही. तरीही मटेरियल विकणाऱ्या एकाकडून फसले. लाजेपायी 3 महिने कुणाजवळ बोलले नाही. परवा एक सहकारी सहज म्हणाला, टेम्पररीचं मटेरियल कुणीतरी फार स्वस्तात देतोय, आणि त्याने खोक्याचा फोटो दाखवला. माझ्या विक्रेत्याने मला पाठवलेला तोच फोटो, मागे टेबलाचा तोच तुटका कोपरा. म्हणून आता सगळं लिहितेय.

पद्धत तुम्हाला ठाऊकच असेल: आधी अस्सल नमुना, मग घाऊक भाव, मग आगाऊ रक्कम. मला बिस-ॲक्रिलची, म्हणजे टेम्पररी कॅपच्या मटेरियलची, 2 कार्ट्रिज (दोन पेस्ट भरलेल्या नळ्या) नमुना म्हणून आली. मी डोळे मिटून विश्वास ठेवला नव्हता. 20 दिवस त्यांच्यावर काम केलं. पुटीच्या (माप घ्यायच्या लगद्याच्या) साच्यात मटेरियल भरायचं, कॅपसाठी घासून लहान केलेल्या दातावर बसवायचं, दीड-दोन मिनिटांत रबरासारखं झालं की काढायचं, पाचेक मिनिटांत कडक. कडा स्वच्छ आल्या, रंग जुळला, एकही कॅप परत आली नाही. नेहमीच्या पुरवठादाराकडे 2 महिने हेच मटेरियल शिल्लक नव्हतं. माझ्या जागी कुणीही पुढची ऑर्डर दिली असती.

ऑर्डर होती 12 कार्ट्रिज आणि इम्प्लांटसाठी टायटॅनियमचे 20 टेम्पररी सिलिंडर (इम्प्लांटवर बसणारी नळी, तिच्यावर टेम्पररी दात बनवतात). भाव नेहमीच्या 62 टक्के. 50 टक्के रक्कम ऑर्डरबरोबर, 50 टक्के माल गोदामातून निघण्याआधी. पहिला हप्ता फर्मच्या खात्यावर गेला. दुसऱ्याच्या वेळी, फर्मचं ऑडिट चालू आहे म्हणून एका माणसाच्या खात्यावर पाठवा, असं सांगितलं. वैयक्तिक खातं मध्ये आलं की व्यवहार तिथेच तोडा, दिलेलं कारण कितीही पटण्यासारखं असलं तरी. मी 100 टक्के रक्कम भरून मोकळी झाले. आली 7 कार्ट्रिज आणि 14 सिलिंडर. बाकीचं पुढच्या आठवड्यात, म्हणाले. तो आठवडा अजून आलेला नाही.

कार्ट्रिजला मिक्सिंग टिप (दोन्ही पेस्ट मिसळणारं टोक) लावण्याआधी थोडं मटेरियल बाहेर दाबून पाहायचं, दोन्ही तोंडांतून एकदम येतंय ना, हे मी पहिल्या दिवशी शिकवते. या मटेरियलमध्ये बेस (मूळ पेस्ट) आणि कॅटॅलिस्ट (ती कडक करणारी पेस्ट) यांचं प्रमाण 10 ला 1 असतं. कॅटॅलिस्टचं ते बारीक तोंड जरा तुंबलं तरी मिश्रण कच्चं राहतं. इथे बारीक तोंडातून काही येईचना. जोर लावल्यावर पिवळट, घट्ट पेस्ट आली. मी ती पुसली आणि टिप लावली. समोर पेशंट तोंड उघडून बसलेला, घासलेल्या दाताला वारा लागला तरी तो दचकत होता, भूल उतरत चालली होती. त्या क्षणी कार्ट्रिज बाजूला फेकायला हवं होतं. 4 मिनिटांनीही कॅप मऊ होती. मी काय केलं, तर खोली थंड आहे म्हणून वेळ 7 मिनिटांवर नेली! पृष्ठभागावर हवेमुळे चिकट थर राहतोच, तो स्पिरिटने पुसला की जातो. इथे पुसलं तरी हाताला चिकटच लागायचं. तेही मी चालवून घेतलं.

खोकं तर मी नीट पाहिलंच नव्हतं. वाळूच्या घड्याळाच्या चिन्हापुढे वापराची अंतिम तारीख असते. तिथे एक चिकटपट्टी होती, तिच्याखाली दुसरी. नखाने खरवडल्यावर 19 महिन्यांपूर्वी संपलेली तारीख निघाली. खोक्यावरचा लॉट नंबर आणि आतल्या कार्ट्रिजवरचा लॉट नंबर वेगळे. हे दोन आकडे जुळवायला अर्धं मिनिट लागतं. जुळले नाहीत तर कार्ट्रिजचं सील फोडू नका. सील का, ते पुढे कळेल.

5 आठवड्यांत 31 कॅप बनवल्या, 12 परत आल्या. 7 तडकलेल्या, 5 झिजून आरपार गेलेल्या. टेम्पररी म्हणजे कशीबशी झाकलेली जागा, असं पेशंटला वाटतं तर वाटू दे, आपल्याला वाटता कामा नये. ती जिवंत दाताला ठणक्यापासून वाचवते, हिरडीची कड धरून ठेवते, शेजारचे दात जागेवर ठेवते. एका बाईंची कॅप फुटली आणि त्या 9 दिवसांनी आल्या. तेवढ्यात शेजारचा दात कलला होता. लॅबमधून आलेली कायमची कॅप बसेना, पुन्हा माप, पुन्हा लॅब, सगळा खर्च माझा. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, त्याचंच जास्त लागलं.

पण खरी झोप उडवली ती सिलिंडरने. पुढच्या दाताचं इम्प्लांट, हाडात 4 महिने मुरलेलं. त्यावर स्क्रूने बसणारा टेम्पररी दात करायचा, म्हणजे हिरडीला हळूहळू दाताच्या मुळासारखा आकार येतो. स्क्रूचा यासाठी की चिकटवायचं सिमेंट हिरडीखाली अडकायची भीती नाही. स्क्रू घट्ट होताना शेवटी एकदम थांबला पाहिजे. हा थांबला नाही, गादीवर दाबल्यासारखा आणखी थोडा फिरला. एक्स-रे काढला. सिलिंडर आणि इम्प्लांट यांच्यामध्ये एका बाजूला केसाएवढी काळी रेघ. मी असिस्टंटला म्हणाले, ट्यूब तिरकी लागली असेल.

ट्यूब तिरकी नव्हती. इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंना स्वच्छ, टोकदार दिसत होते. आटे स्पष्ट दिसले की कोन बरोबर आहे, हे मीच शिकवते. कोन बरोबर, म्हणजे रेघ खरी, म्हणजे सिलिंडर बसलेला नाही. हे मला माहीत होतं. तरी मी पेशंटला आरसा दिला, तो हसला, आणि मी त्याला घरी जाऊ दिलं. तो एक्स-रे मी अजून उघडून बघते.

नवव्या दिवशी स्क्रू ढिला झाला. घट्ट केला, सोळाव्या दिवशी पुन्हा ढिला. हिरडी सुजली, हात लावला की रक्त. त्या फटीत जंतू साठले होते. सूज उतरली तेव्हा हिरडीची कड दीड मिलिमीटर वर सरकली होती. पुढच्या दाताला दीड मिलिमीटर म्हणजे काय, ते आपल्यातल्या कुणाला सांगायला नको. वापरलेल्या 6 सिलिंडरपैकी 4 असेच निघाले. इम्प्लांट एका कंपनीचं आणि त्यावरचा भाग "कंपॅटिबल" म्हणून मिळालेला असेल, तर पेशंटच्या तोंडात जाण्याआधी हातातल्या ॲनालॉगवर (इम्प्लांटच्या हुबेहूब नकलेवर) बसवून भिंगाखाली बघा. मी हे नंतर केलं. फट भिंगाशिवायही दिसत होती.

आता तक्रारीचं. मूळ उत्पादकाला फोटो पाठवले. 12 दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, हा लॉट आमचा नाही, अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. त्यांच्या नावाचं खोटं खोकं बाजारात फिरतंय याची त्यांना एवढीच काळजी. बँक म्हणाली, रक्कम तुम्ही स्वतःच्या संमतीने पाठवली आहे. पोलिसांनी 2 तास बसवून घेतलं आणि हा व्यवहारातला वाद आहे, वकील करा, असं सांगितलं. मी विचारलं, संपलेल्या तारखेवर नवी तारीख चिकटवून रुग्णाच्या तोंडात जाणारी वस्तू विकणं हा व्यवहारातला वाद कसा? साहेब म्हणाले, माल तर मिळालाय ना? ग्राहक तक्रार कक्षात गेले, तर तुम्ही व्यवसायासाठी घेतलंत, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कार्यालयात नमुना घेऊन गेले, तर सील फुटलेला नमुना चालत नाही. सील फोडल्याशिवाय आत काय आहे ते मला कळणार कसं, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. 5 कार्ट्रिज सीलबंद आहेत म्हटल्यावर, ती तपासायची प्रयोगशाळा आमच्या अखत्यारीत येत नाही. 4 खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला निम्मा दिवस क्लिनिक बंद. शेवटच्या खेपेला पहिल्याच खिडकीवर पाठवलं, आणि तिथल्या बाईंनी मी पहिल्या दिवशी भरलेल्या अर्जाचीच कोरी प्रत हातात दिली.

विक्रेत्याचा नंबर आता लागत नाही. त्याच्याशी झालेली सगळी बोलणी मी जपून ठेवली आहेत. तुम्हीही फोनवर बोलू नका, सगळं लिहून घ्या.

31 पैकी ज्यांच्या कॅप अजून तोंडात होत्या, त्या सगळ्यांना मी फोन करून बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं. दोघे आले नाहीत, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. बाकीच्यांच्या कॅप नव्याने करून दिल्या. मटेरियल हाती येईपर्यंत काही जुन्या पावडर-लिक्विडच्या ॲक्रिलमध्ये केल्या. वास, उष्णता आणि आकसणं सांभाळत, मध्ये मध्ये पाणी मारत. पुढच्या दाताच्या पेशंटची हिरडी भरायची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. तोवर तो बोलताना ओठ खाली ओढून धरतो.