तापणारा लॅपटॉप नवीन न घेता दुरुस्त केला: आठ महिन्यांनंतर काय वाटतंय

निकाल आधीच सांगतो. लॅपटॉप दुरुस्त केला आणि आठ महिने झाले तरी पस्तावलेलो नाही. त्याच सुमारास बहिणीचा लॅपटॉपही भट्टीसारखा तापत होता, पण तिला मात्र मीच म्हटलं की त्याच्यावर आता पैसे घालू नकोस. "तुझा तो दुरुस्त होणार आणि माझा थेट भंगारात?" असं म्हणून ती चिडली. तिचं चुकत नव्हतं, वरवर तक्रार एकच होती.

माझा लॅपटॉप सहा वर्षांचा. इंटेलच्या नवव्या पिढीतला सहा कोअरचा आय-७, वेगळं ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम. दिवसभर ब्राउझर आणि एक्सेल, रात्री फोटोंचं काम. गेलं वर्षभर व्हिडिओ कॉल सुरू झाला की पंखे असे घरघरायचे की समोरचा विचारायचा, "मागे मिक्सर चालू आहे का?" मग माउस अडकायचा, आवाज तुटायचा. कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर बोट ठेववत नव्हतं.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान आणि वेग दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून आकडे बघितले. काही न करता ६८ अंश, काम दिलं की ९८-९९. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग पाडतो, यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. कागदावर २.६ गिगाहर्ट्झचा, जोर लावला तर ४.५ पर्यंत जाणारा हा गडी माझ्याकडे कॉल चालू असताना ०.८ वर रांगत होता. म्हणजे लॅपटॉप जुना झाला म्हणून हळू चालत नव्हता, गरम झाला म्हणून हळू चालत होता. ही गोष्ट कळायला मला एक वर्ष लागलं.

कळली कशी, तर सकाळच्या पहिल्या दहा मिनिटांवरून. रात्रभर बंद असलेला लॅपटॉप सकाळी सुरू केला की पहिली दहा मिनिटं झकास पळायचा. फाइल चटकन उघडायच्या, फोटो एक्स्पोर्टही सुरुवातीला जोरात. मग हळूहळू रडायला लागायचा. मुळात यंत्रात दम होता, उष्णता बाहेर पडत नव्हती. बहिणीचा लॅपटॉप थंड असतानाही पहिल्या मिनिटापासून रडायचा. तो साफ केला असता तर थंड पण तितकाच मंद लॅपटॉप हाती आला असता. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाला तर नवीन घ्या, असं सगळे सांगतात. ते ठीकच आहे, पण त्याच्याही आधी थंड यंत्र कसं चालतं ते बघा.

दुरुस्तीची सुरुवात मात्र फसली. एका दुरुस्तीवाल्याकडे दिला. त्याने संध्याकाळी "सर्व्हिसिंग केलंय" म्हणून परत दिला, तापमान तीन-चार अंशांनी उतरलं आणि आठवड्याभरात पुन्हा चढलं. नंतर उघडल्यावर कळलं की त्याने बाहेरच्या झरोक्यातून हवा मारली होती, झाकणाच्या स्क्रूला हातही लावला नव्हता. दुसरीकडे सरळ सांगितलं की मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्च ऐकून नवीन लॅपटॉप शोधायलाच लागलो होतो. मदरबोर्ड का, असं विचारलं तर उत्तर "हीटिंग इश्यू आहे सर". एकाही मापाचा आकडा नाही. तिथून उठलो.

घरी दोन गोष्टी बघितल्या, कोणीही बघू शकेल अशा. एक, काम दिल्यावर तापमान किती वेगात चढतं. माझं दोन सेकंदांत ७० वरून ९५ वर उडी मारत होतं. असं झालं तर बहुधा चिप आणि तिच्यावरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, यांच्यातला संपर्क बिघडलेला असतो, म्हणजे दोघांमधली उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली. पाच-दहा मिनिटांत सावकाश चढत असेल तर संशय धुळीवर आणि पंख्यावर. दुसरी, बाहेर येणारी हवा. आत ९८ अंश आणि बाहेर फुंकर कोमट, याचा अर्थ उष्णता पंख्यापर्यंत पोचतच नाही. माझ्या डावीकडच्या झरोक्यातून हवा कोमट येत होती, उजवीकडून जवळजवळ काहीच नाही. म्हणजे दोन्ही रोग होते.

झाकण उघडायला दहा स्क्रू, त्यातले मागचे दोन लांब. लांब स्क्रू आखूडच्या जागी घुसवला तर वरचं प्लास्टिक फुटू शकतं, म्हणून पुठ्ठ्यावर लॅपटॉपची पाठ काढली आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवला. आत गेल्यावर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. हे विसरायचं नाही.

उजवा पंखा उचलला आणि त्याच्यामागे तांब्याच्या बारीक पत्र्यांची जाळी असते, तिच्या तोंडावर धुळीचा अख्खा नमदा बसलेला. चिमट्याने धरून ओढला तर एका तुकड्यात निघाला, बोटभर लांब, करडा, आणि त्याच्या एका अंगावर जाळीच्या पट्ट्यांचे वळ उमटलेले, कंगव्यासारखे. त्यातला निम्मा माल आमच्या मांजराचे केस. ती गरम लॅपटॉपवर झोपायची, मला कौतुक वाटायचं. बाहेरून हवा मारून हा नमदा कधीच निघाला नसता, उलट आत सरकला असता. आणि हो, हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर तो नको तितका फिरतो आणि बेअरिंग जातं.

पेस्टची अवस्था त्याहून वाईट होती. कडेला वाळलेल्या चुन्यासारखे पोपडे, आणि मधोमध, जिथे खरी गरज, तिथे चिप आरशासारखी चकचकीत कोरडी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी पेस्ट लावली. हीटसिंकच्या स्क्रूंवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात, त्याच क्रमाने थोडे थोडे आवळले.

इथे माझी चूक झाली. ग्राफिक्सच्या मेमरीवरचा एक थर्मल पॅड (उष्णता हीटसिंककडे नेणारी मऊ पट्टी) फाटला होता, त्याच्या जागी मी घरात होता तो १ मिलिमीटरचा लावला. मूळचा अर्ध्या मिलिमीटरचा होता. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं. चालू करून बघतो तर एक कोअर ९७ वर, दुसरा ८१ वर. जाड पॅडमुळे हीटसिंक एका बाजूने उचलला गेला होता आणि चिपवर तिरका टेकत होता. कोअरकोअरमध्ये इतका फरक दिसला तर हीटसिंक नीट बसलेला नाही असं धरून चाला. अर्ध्या मिलिमीटरचा पॅड मिळेपर्यंत चार दिवस लॅपटॉप उघडाच पडून होता. घरच्यांच्या नजरा झेलल्या.

दुसऱ्यांदा बसवल्यावर रिकामा असताना ४५, पूर्ण जोरात ८४ आणि वेग ३.२ गिगाहर्ट्झवर टिकून. व्हिडिओ कॉलमध्ये पंखा ऐकूच येईना, तर बिघडला की काय म्हणून कान लावून बघितलं.

लोक इथेच अनुभव लिहून मोकळे होतात. माझी गोष्ट चौथ्या महिन्यात पुन्हा बिनसली. जोरात असतानाचं तापमान ८४ वरून ९२ वर आलं. धूळ नव्हती, मी उघडून बघितलं. पेस्टच पुन्हा कडेला सरकली होती. चिप आणि हीटसिंक तापताना-निवताना वेगवेगळ्या मापात फुगतात-आकसतात आणि मधली पातळ पेस्ट हळूहळू बाहेर ढकलली जाते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं, लॅपटॉपमध्ये चिप उघडी असते, म्हणून इथे हा त्रास जास्त. या वेळी पेस्टऐवजी हनीवेलचा पीटीएम ७९५० नावाचा पॅड लावला. थंडपणी तो घट्ट असतो, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन चिपवर पसरतो, आणि पेस्टसारखा वाहून जात नाही. पहिल्या दिवशी ८९ दिसल्यावर हिरमोड झाला होता, पण काही वेळा तापून-निवून तो बसला आणि ८२-८३ वर थांबला. तीन महिने झाले, तिथेच आहे. पेस्टच्या जागी काहीजण लिक्विड मेटल, म्हणजे पातळ धातू लावतात, त्याच्या वाटेला गेलो नाही. ते विजेला वाहक असतं आणि ॲल्युमिनियम खातं. माझ्या हाताचा इतका भरवसा मला नाही.

लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा कूलिंग पॅडही घेतला होता. फरक तीन अंश. मागच्या बाजूला दोन बाटल्यांची झाकणं ठेवून लॅपटॉप उचलला तेव्हाही जवळपास तेवढाच पडला, त्यामुळे पॅड आता मोबाइल टेकवायच्या कामी येतो. उघडायची हिंमत नसेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के करून बघा. टर्बो, म्हणजे जोर लावल्यावरचा वाढीव वेग, बंद होतो, माझ्याकडे तापमान पंधरा अंशांनी उतरलं होतं. वेग जातो, पण दुरुस्ती होईपर्यंत दिवस निघतात. प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करायचाही एक मार्ग असतो, पण २०१९ च्या डिसेंबरमध्ये प्लंडरव्होल्ट ही इंटेल प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी जाहीर झाल्यावर बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ती सोय बंद झाली. माझ्यातही बंदच निघाली.

आता बहिणीचा. तिचा सातव्या पिढीचा, दोन कोअरचा. ४ जीबी रॅम मदरबोर्डलाच डकवलेली, वाढवायची सोय नाही. विंडोज १० ची नेहमीची अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आणि विंडोज ११ अधिकृतपणे या पिढीवर बसत नाही. आणि टचपॅड एका कोपऱ्यातून वर आला होता. तिला वाटत होतं डिंक सुटला. खालून बॅटरी फुगली होती! फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि चार्जिंगला तर लावायचीच नाही. ती काढून ई-कचरा घेणाऱ्यांकडे दिली. पेस्ट आणि सफाईने यातलं काहीच सुटत नव्हतं. तिने नवीन घेतला. निवडताना माझा एकच हट्ट होता, रॅम बदलता आली पाहिजे आणि खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडलं पाहिजे.

माझ्याकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. बॅटरीची क्षमता मूळच्या ५८ टक्क्यांवर आहे, इतकी वर्षं उष्णतेत भाजल्याचा तो परिणाम असणार. उन्हाळ्यात खोली जितकी तापते साधारण तितकेच अंश चिपही वर जाते, तेव्हा ९० दिसतातच. डावा पंखा मध्यंतरी खरखरायला लागला म्हणून बदलला. मागवताना जुन्या पंख्यावरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज दोन्ही जुळवून घ्या, ५ व्होल्टचे आणि १२ व्होल्टचे पंखे दिसायला सारखेच असतात.

पुढच्या महिन्यात बॅटरी बदलायची आहे. झाकण उघडेनच, तेव्हा जाळीत पुन्हा किती केस जमलेत तेही दिसेल. स्क्रूंच्या भोकांचा तो पुठ्ठा कपाटात जपून ठेवलाय.